रुमालाखाली ठरलेले पाच भाग

बैलांची दलाली करता करता मी गोष्टी लिहीत असे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. पुण्याच्या मासिकांच्या लेखी आम्ही परमुलखातलेच. तिघांनी माझ्या गोष्टी परत पाठवल्या. एकाने कळवलं, भुताखेतांचं छापत नाही. माझ्या गोष्टीत भूत नव्हतं, हवेशिवाय जगणारी माणसं होती.

मग लोणारच्या तळ्यावर एका गोष्टीचे पाच भाग लिहिले. आकाशातून एक यान कोसळतं, त्या दणक्याने एवढा खड्डा पडतो आणि वाचलेले प्रवासी खारट पाण्याखाली वस्ती करतात. तळं पाहायला आलेले एक संपादक आमच्या बीबी गावात उतरलेत, असं कळताच वह्या घेऊन गेलो. त्यांनी बसल्या जागी दोन भाग वाचले.

"कल्पना विलक्षण आहे हो तुमची!"

"मंग छापा ना. पाचही छापा, काटछाट नाही."

"पाहू या."

'पाहू या'वर बाजारात कुणी बैल सोडत नाही. आमचा खरा सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात झाकायचे आणि बोटं धरायची. तीन धरली तर तीन, अख्खा पंजा धरला तर पाच. तोंडाने अक्षर काढायचं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला आणि खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. ते दचकले, मग माझा अख्खा पंजा धरून त्यांनी घट्ट दाबला. पाच! वह्या तिथेच ठेवून मी उठलो.

सोबतच्या दलालाला सांगितलं तर तो हसत सुटला. "त्याले रुमालातलं काय समजते बे? सोयरीक जुळली समजला असन!"

"पंजा दाबला ना त्यानं!" मी ओरडलो आणि आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

पुढे धाड गावच्या बैलबाजारात माझं चित्त थाऱ्यावर नसे. सौदा अर्धा टाकून डाकवाल्याच्या मागे जाई. अखेर अंक आला. मुलांच्या पानांत एकच भाग, आणि शेवटी परक्या हाताची ओळ: 'इतक्यात त्याला जाग आली.'

मी लिहिलं, रुमालाखालचा शब्द मोडणाऱ्याला आमच्याकडे बाजारात उभं करत नाहीत. उत्तर आलं: 'कोणता शब्द? आपण प्रेमाने हात धरलात, मीही धरला. वह्या परत हव्यात का?'

'हव्यात,' एवढंच कार्ड टाकलं. वह्या येताच दुसऱ्या संपादकाकडे धाडल्या. वर लिहिलं, पाचही भाग, नाहीतर एकही नाही, लेखी कळवावे. मग वाट पाहवेना, म्हणून सहावा भाग लिहायला बसलो.