जुनी केबल जमा करा

ऑफिसात सगळे त्यांना जमाकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच सुखात होतं. एकतीस वर्षं काकांनी भांडार सांभाळलं आणि एकतीस वर्षं एकच वाक्य म्हटलं, "जुनी वस्तू जमा करा, नवी घेऊन जा." झाडू हवा तर झिजलेला बुडखा आणायचा. एकदा एकाची खुर्ची चोरीला गेली, तर काका म्हणाले, "चोराकडून जुनी आणा." तो बिचारा वर्षभर खोक्यावर बसला. नियम नसता तर लोकांनी ऑफिस उचलून घरी नेलं असतं, असं काकांचं प्रामाणिक मत होतं. काही लोकांकडे बघता ते अगदीच चुकीचं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी आरोग्य कार्डाच्या खिडकीवरच्या बाईंच्या मॉनिटरची केबल खुर्चीच्या चाकाखाली चिरडली. पडदा आधी गुलाबी झाला, मग थरथरला, मग मनाला येईल तेव्हा काळा पडू लागला. केबल मागून वर उचलून जराशी डावीकडे पिळली की चित्र यायचं. शिपायाला खिडकीवर बसवून बाई भांडारात गेल्या.

"काका, आधी नवी द्या. ती लावते आणि पाच मिनिटांत जुनी आणून देते."

"पाच मिनिटंवाले पुष्कळ पाहिलेत मी. आधी जुनी."

जुनी काढायची तर खिडकी बंद करावी लागणार, आणि कामाच्या वेळेत खिडकी बंद करायला परवानगी नव्हती. खिडकी पाचला बंद होई, भांडार साडेचारला. बाई तीनदा जाऊन आल्या. चौथ्यांदा गेल्या नाहीत. त्यांनी केबलखाली पुठ्ठ्याची घडी सारली, वर दोन रबरबँड चढवले आणि एक हात मॉनिटरमागे ठेवून काम रेटलं.

काकांचा नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी त्यांनी किल्ल्या नव्या भांडारपालाच्या हवाली केल्या. हा पंचेचाळिशीचा गृहस्थ, पंधरा दिवस काकांच्या हाताखाली शिकलेला. काका त्याच्यावर खूश होते. आता एकच काम उरलं होतं, बायकोचं कार्ड. पुढच्या मंगळवारी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. कार्ड नोकरीत असताना झालं तर लगेच मिळणार, उद्यापासून दुसऱ्या ऑफिसात तीन महिने खेटे. बायको महिनाभर मागे लागली होती. "आपलंच ऑफिस आहे," असं म्हणून काकांनी ते शेवटच्या दिवसावर ढकललं होतं. तिला आता चहाचा कपही चाचपडत शोधावा लागे, आणि काका तो हळूच तिच्या हाताशी सरकवत.

साडेतीनला काका खिडकीशी आले. त्यांच्यामागे दहा माणसं. पडदा काळा ठिक्कर. रबरबँडांनी शेवटी जीव सोडला होता, आता एका हातानं भागत नव्हतं.

"केबल गेली, काका," बाई म्हणाल्या. "नवी हवी."

"जुनी जमा..." काकांच्या तोंडून सवयीनं निघालं आणि त्यांनी जीभ चावली.

बाईंनी केबलचे स्क्रू सोडवले आणि ती काकांच्या हातात ठेवली. काका भांडाराकडे जवळजवळ पळालेच.

नव्या भांडारपालानं केबल उलटसुलट पाहिली. "जुनी आणलीत, उत्तम. पण ज्याचं टेबल त्यानंच यायला हवं. बाईंना पाठवा."

"त्या खिडकी सोडून कशा येतील? शिपाई तर निरोपाच्या तयारीत आहे."

"ते मी कसं सांगू? नियम तुम्हीच शिकवलात."

त्याच्या पाठीमागे फळीवर नवी केबल पाकिटात दिसत होती. त्या पाकिटावरची धूळ काका स्वतः दर महिन्याला पुसत आले होते.

"अहो, माझ्या बायकोच्या डोळ्यांचा प्रश्न आहे."

भांडारपालाचा चेहरा खरंच उतरला. "प्रत्येकाचं काहीतरी असतंच, काका. असं म्हटलं तरी विरघळायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत."

गुरूची विद्या गुरूलाच. काकांना राग आला, आणि त्या रागातही माणूस चांगला तयार झालाय असं वाटून गेलं.

ते परत आले, खिडकीच्या आत शिरले, केबल जोडली आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी टेबलामागे गुडघे टेकून बसले.

"वर धरा. थोडी डावीकडे. हां, आता हलू नका."

काका हलले नाहीत. मनगटाला रग लागली. या बाई चार महिने, दिवसाचे आठ तास हेच करत होत्या. काकांना लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे ती ओळखायलाही त्यांना जरा वेळ लागला.

शिपाई डोकावला. "काका, निरोपाला सगळे हॉलमध्ये थांबलेत."

"झालं तुमचं कार्ड," बाई म्हणाल्या. "सोडा आता, जा."

काकांनी कार्ड खिशात घातलं. टेबलाच्या फटीतून त्यांना रांगेतले पाय दिसत होते. एका म्हातारीच्या पायाला बँडेज होतं.

"पुढचं नाव घ्या," ते म्हणाले.

भिंतीपलीकडे साहेबांनी उत्सवमूर्तीविनाच भाषण सुरू केलं. काकांच्या काळात भांडारातून एकही वस्तू नियमाबाहेर गेली नाही, असं ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी तिकडे मान वळवली, केबल हलली आणि पडदा काळा पडला.

"काका," बाई म्हणाल्या, "हलू नका म्हटलं ना."