साबळेसाहेबांचे बुधवार

रेव्हरंड योहान साबळे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी आधी नाही म्हटले. मी त्यांच्या चर्चच्या मंडळीतली नाही. माझे माहेर औसा तालुक्यातले एक शेतकरी घर, देव्हाऱ्यात खंडोबा. नोकरी नांदेडला, एका रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात परिचारिका म्हणून. साहेबांचे लातूरच्या चर्चमधले काम जवळून पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावे, असे मी सुचवले. त्यावर संपादक म्हणाले, "सिस्टर, त्यांच्या आयुष्यातली जी दोन वर्षं आम्हाला धड माहीत नाहीत, ती तुम्ही पाहिलीत." हे खरे होते. म्हणून लिहिते आहे.

साहेबांची आणि माझी ओळख झाली ती रुग्ण आणि परिचारिका म्हणूनच. त्यांनी नुकतीच साठी ओलांडली होती. घशाचा कर्करोग होता आणि स्वरयंत्र पूर्ण काढावे लागणार होते. मानेला छिद्र करून श्वास तिथून घ्यायचा, आणि आवाज कायमचा जाणार. हे सगळे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ते पलंगावरून उठले आणि वॉर्डातल्या एकेका रुग्णाजवळ जाऊन नाव-गाव विचारू लागले. आवाज तेव्हाच पार घोगरा झाला होता. मी म्हटले, "साहेब, पडून राहा." ते म्हणाले, "उद्यापासून विचारता यायचं नाही, सिस्टर. आज विचारून घेतो." शेवटी माझेही नाव विचारले.

त्यांच्या पत्नी एस्तेरकाकूंनी मला नंतर सांगितले, की साहेबांचा आवाज म्हणजे लातूरच्या मंडळीचा अभिमान होता. लाउडस्पीकर बंद पडला तरी त्यांचा संदेश, म्हणजे प्रवचन, रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. उदगीर-निलंग्याकडच्या खेड्यांत झाडाखाली उपासना घ्यायचे, तेव्हा लोक नुसती त्यांची गाणी ऐकायला जमत.

ऑपरेशन चांगले झाले. साहेबांना एक वही दिली होती, जे हवे ते तीत लिहीत. चौथ्या की पाचव्या दिवशी मी मलमपट्टी करत असताना त्यांनी लिहिले, "मला प्रार्थना करता येत नाही." मी आपली साधी समजूत घातली, मनातल्या मनात करा म्हणून. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग लिहिले, "आयुष्यभर मोठ्यानेच केली. मनात करायला जातो, तर आत काही ऐकूच येत नाही."

माणूस शरीराने बरा होत असतो आणि आतून खचत असतो, हे आम्हा परिचारिकांना ओळखू येते. पण त्यावर आमच्याकडे औषध नसते. साहेब घरी गेले, तपासणीला येत राहिले, वजन वाढले, जखम भरली. डोळे मात्र विझलेलेच. दर खेपेला काकू थोडेथोडे सांगत. साहेबांनी राजीनाम्याचे पत्र लिहून चर्चच्या पंचांकडे दिले होते. पंचांनी ते मंजूरही केले नाही आणि परतही केले नाही. मंडळीत कुणी म्हणाले, प्रार्थना कमी पडली. कुणी त्याहून वाईट बोलले, की देव उगीच कुणाची वाचा काढून घेत नाही. साहेब सुरुवातीला उपासनेत मागच्या बाकावर बसत. लोक वळून वळून बघत. मग तेही बंद केले. रविवारी सकाळी ते घराचे दार लावून बसत.

स्वरयंत्र नसले तरी बोलता येते. अन्ननलिकेत हवा घ्यायची, ढेकरेसारखी वर आणायची आणि ओठ-जिभेने तिचे शब्द करायचे. महिनोन्महिने सराव करावा लागतो. आमच्या वाचाउपचार करणाऱ्या मॅडमनी साहेबांना हे समजावून सांगितले, सोप्या शब्दांची यादीही दिली. साहेबांनी घरी एकदाच करून पाहिले. स्वतःचा तो आवाज ऐकला आणि यादी घडी घालून ठेवून दिली. काकूंनी फार आग्रह केला, तेव्हा वहीत लिहिले, "या आवाजात देवाचे नाव घ्यायची मला लाज वाटते."

असे वर्ष गेले. मग आमच्याकडे गंगाराम नावाचे एक शेतकरी दाखल झाले, किनवटकडच्या इस्लापूरजवळचे. साहेबांचाच आजार, तेच ऑपरेशन. पण ते सहीला तयार होईनात. बायको रडत होती, भाऊ समजावत होता, डॉक्टर दोनदा बसून बोलले. गंगारामांचे एकच. "माझी बैलं माझ्या हाकंला वळखतात. मुका होऊन जगून काय करू? घरी न्या मला."

मला साहेब आठवले. खरे सांगायचे तर मनात धाकधूकही होती. स्वतःच बुडालेल्या माणसाला दुसऱ्याला धीर द्यायला कसे बोलवायचे? तरी मी काकूंना फोन केला. साहेबांनी दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, दोघे लातूरहून एसटीने आले.

साहेब गंगारामांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसले आणि मानेवरचे सुती फडके बाजूला करून छिद्र दाखवले. गंगारामांनी ते नीट पाहिले. मग विचारले, "बोलता येतं का तुमाला?"

साहेबांनी वही उघडून लिहायला घेतले.

"मला वाचता येत न्हाई," गंगाराम म्हणाले.

काकू पुढे झाल्या आणि वहीतले वाचू लागल्या. गंगारामांनी हात वर केला. "बाई, तुमी नका सांगू. तुमाला आवाज हाय. त्यांना सांगू द्या."

साहेबांनी वही मिटून मांडीवर ठेवली. हवा गिळली. नुसतीच हवा बाहेर आली. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटले, आता ते उठून जातील, आणि मीच त्यांना या प्रसंगात आणले म्हणून माझी मलाच चीड आली. त्यांनी पुन्हा हवा गिळली.

"थोडं," ते म्हणाले.

गंगाराम पुढे वाकले. "काय?"

"थोडं."

गंगारामांनी विचार केला. "लई वंगाळ येऊन राहिला आवाज," ते म्हणाले.

साहेब हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. ऑपरेशननंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. गंगारामही हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारले, "बैलांना कळंल का?"

साहेबांनी पुन्हा हवा घेतली. या खेपेला वेळ लागला. "कळेल."

संध्याकाळच्या आत गंगारामांनी सही केली. काकू व्हरांड्यात भिंतीला टेकून रडत होत्या. साहेबांनी जाताना माझ्या हातात चिठ्ठी दिली, "पुढच्या बुधवारी येतो. त्यांच्या ऑपरेशनच्या आधी मला दहा शब्द यायला हवेत."

त्या आठवड्यात त्यांनी घडी घातलेली यादी पुन्हा उघडली. घरी लाज वाटे, म्हणून ते नांदेडला येता-जाता एसटीत खिडकीशी बसून सराव करत. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नसे. पुढे कधीतरी मी त्यांना विचारले, "साहेब, प्रार्थना परत आली का?" तेव्हा त्यांना छोटी वाक्ये येऊ लागली होती. थांबत थांबत ते म्हणाले, "आली. बसमध्ये. अहमदपूरच्या पुढं." यादीत 'पाट', 'काका', 'बाप' असे शब्द होते. प्रार्थनेत देवाला ते याच शब्दाने हाक मारत, तो 'बाप' म्हणताना त्यांचा आवाज अडकला. पुन्हा म्हटला. मग यादीतला पुढचा शब्द त्यांनी घेतलाच नाही. लोह्याचा स्टँड येईपर्यंत तोच एक शब्द म्हणत राहिले. "मोठ्यानं," त्यांनी मला मुद्दाम सांगितले.

गंगाराम बरे झाले. वर्षभराने तपासणीला आले तेव्हा साहेबांनी विचारले, "बैल?" गंगाराम तशाच खरखरीत आवाजात म्हणाले, "बैलांना कळतं. बायकूला अजून न्हाई."

त्यानंतर साहेबांचा बुधवार कधी चुकला नाही, असे मला लिहिता आले असते. पण एकदा चुकला, तोही चार महिने. कुणीतरी तक्रार केली, की हे चर्चचे पाळक आहेत, रुग्णांचा धर्म बदलायला येतात. चौकशी होईपर्यंत येऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले. मला फार राग आला होता. साहेब शांत होते. ते म्हणाले, "विचारतात ते बरोबर आहे. आजारी माणूस दुबळा असतो. त्याला जपलं पाहिजे." रुग्णालयाच्या आत ते आले नाहीत. मात्र फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दर बुधवारी येऊन बसत. सुटी झालेले रुग्ण आणि नातेवाईक तिथे त्यांना गाठत. शेवटी रुग्णांच्याच घरच्यांनी लिहून दिले, आणि डॉक्टरांनी त्यांना परत बोलावले. इतक्या वर्षांत, रुग्णाने स्वतः म्हटल्याशिवाय त्यांनी कुणाच्या उशाशी प्रार्थना केलेली मी पाहिली नाही. मला तर त्यांनी कधी चर्चमध्ये या असेही म्हटले नाही. मीच गेले.

तेव्हा साहेब संदेश द्यायला मंडळीपुढे पुन्हा उभे राहणार होते. पंचांपैकी एका वयस्क गृहस्थांचा विरोध होता. लोकांना कळणार नाही, साहेबांनी लिहावे आणि दुसऱ्याने वाचावे, असे त्यांचे म्हणणे. ते वाईट माणूस नव्हते. साहेबांचे हसे होईल, ही त्यांना भीती होती. दोन कुटुंबे दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागली होती. साहेबांनी एवढेच सांगितले, "जेवढं कळेल तेवढं." मी रजा टाकून लातूरला गेले. एप्रिल महिना, चर्च भरलेले. साहेब उभे राहिले, पहिले वाक्य बोलले, आणि ते पंख्यांच्या घरघरीत विरून गेले. मागच्या रांगा माना उंचावून बघू लागल्या. तेव्हा ते विरोध करणारे गृहस्थ उठले, भिंतीजवळ गेले आणि एकेक करून सगळे पंखे बंद केले. त्या उकाड्यात माणसे घाम पुसत दहा मिनिटे बसली. कुणी हलले नाही. मला सगळे कळले नाही, पण साहेबांनी काहीही झाकले नाही, एवढे कळले. आपण देवावर रुसलो होतो, दार लावून बसलो होतो, हे त्यांनी त्यांच्या त्या आवाजात सांगितले. मी बाहेर पडले तेव्हा, सोडून गेलेल्या त्या दोन कुटुंबांपैकी एका घरच्या बाई काकूंचा हात धरून उभ्या होत्या.

माझे यजमान गेले तेव्हा नोकरी सोडून गावी जावे, असे माझ्या मनाने घेतले होते. साहेब आणि काकू नांदेडला घरी आले. तासभर बसले. काकूंनी चहा केला, तो साहेबांनी बशीत ओतून निवू दिला, कारण त्यांना फुंकर घालता येत नाही. निघताना म्हणाले, "बुधवारी ड्यूटीवर या. मला तिथं तुम्ही लागता." मी गेले. अजून जाते.

आता साहेबांचे गुडघे दुखतात. लातूर-नांदेड प्रवास झेपत नाही, असे काकू म्हणतात आणि दर बुधवारी डबा भरून त्यांच्याबरोबर निघतात. मी हा लेख लिहिते आहे त्या आठवड्यात निलंग्याकडच्या एक अंगणवाडीच्या बाई आमच्याकडे त्याच ऑपरेशनसाठी भरती झाल्या आहेत. काल त्यांनी मला विचारले, "सिस्टर, लेकरांना मी कशी बोलावू?" मी त्यांना म्हटले, बुधवारपर्यंत थांबा, एक साहेब येणार आहेत, त्यांनाच विचारा.

साबळेसाहेबांना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना बळ मिळो, आणि एस्तेरकाकूंची साथ त्यांना अशीच राहो, ही मनापासूनची इच्छा. यात आमच्या वॉर्डाचा स्वार्थ आहे. तो मी लपवत नाही.