सायकलच्या किमतीत रायफल

कुलपं दुरुस्त करणाऱ्या काकांचा नेमबाजी क्लब एका रिकाम्या गोदामात भरे. दर रविवारी सकाळी. छर्रे घाऊक भावाने आणायचे. निशाण्याचा पुठ्ठा दोन्ही बाजूंनी वापरायचा. ज्याच्याकडे रायफल नाही, त्याने क्लबच्या एकुलत्या एक रायफलसाठी रांग लावायची. शिंपी येई, ड्रायव्हर येई, रात्रपाळी संपवून नर्सताई येत.

मग एक कंत्राटदार आला. त्याची रायफल मखमली पेटीत. किंमत ऐकून शिंप्याला ठसका लागला. पुढच्या रविवारी शिंपी आलाच नाही.

काकांनी डोकं चालवलं आणि नियम केला. स्पर्धा संपली की कुणीही सभासद कुणाचीही रायफल विकत मागू शकतो. किंमत ठरलेली, एका साध्या सायकलइतकी. मालकाने एकदा जरी नकार दिला, तर नियम सगळ्यांसाठीच रद्द.

कंत्राटदाराने पेटी निमूट घरी नेली आणि स्वस्तातली रायफल आणली. त्याचा नेमही तिच्या लायकीचाच निघाला. शिंपी परत आला. काका खुशीत.

काकांची रायफल जुन्या बाजारातली. पण नऊ वर्षं ते तिच्यावर कानस फिरवत होते. घोडा असा हलका, की मनात आलं आणि छर्रा सुटला. गाल टेकवायचा लाकडी दस्ता त्यांच्या खप्पड गालासाठी उंच केलेला. हिलाही कुणी मागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या रविवारी स्पर्धा संपली आणि नर्सताईंनी हात वर केला.

"मला काकांची."



"ताई, ती फार लहरी आहे," काका म्हणाले.

"माझ्या वॉर्डात सगळे लहरीच असतात."

"तुमच्या गालाला बसायची नाही."

"ते बघू."

कंत्राटदार भिंतीला टेकून मजा बघत होता. "काका, नाही म्हणून टाका. मी पेटी आणतोच पुढच्या रविवारी."

काकांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंपी बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

काकांनी रायफल दिली.

घरी काकू म्हणाल्या, "नऊ वर्षं सवत नांदवली. गेली एकदाची. आता जेवा तरी."

काका जेवले नाहीत. त्यांना एक पळवाट सुचली होती. पुढच्या स्पर्धेनंतर तीच रायफल, त्याच किमतीत, आपणच मागायची. नियमात ते चोख बसत होतं.

स्पर्धेच्या दिवशी ताईंचे छर्रे निशाणा सोडून भलतीकडेच गेले. त्यांचा गाल भरलेला. डोळा नेमाच्या रेषेत येईच ना.

"काका, इथलं लाकूड थोडं तासावं लागेल का हो?"

काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. लाकूड गेलं, की ती रायफल पुन्हा त्यांच्या गालाची राहणार नव्हती. ताईंनी गाल आणखी दाबला. छर्रा पुठ्ठा सोडून बाजूच्या लाकडी चौकटीत घुसला.

काका उठले. पिशवीतून पटाशी काढली.

"टेकवा गाल. हं. आता हलू नका."

लाकडाचा पहिला पापुद्रा खाली पडला.

"आता तुम्हाला परत मागून उपयोग नाही," कंत्राटदार म्हणाला.

"गप बसा," काका म्हणाले. "माझा हात हलतो."