बारा लंगडी घरं

जाळीकाकूंच्या कारखान्यात 'लंगडं' ही शिवी होती. माणसाला नव्हे, भोकाला. खुर्चीच्या बैठकीसाठी वेताची जाळी विणताना पट्ट्यांच्या मधे सहा कोनांची घरं पडतात. एखादी पट्टी चुकली की घर पाच कोनांचं होतं. ते लंगडं. दिसलं की काकू चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि म्हणायच्या, "हे कुणाचं बाळ? उसवा." चाळीस वर्षं त्या बैठका आणि टोपल्या विणत होत्या आणि एकही काम माघारी आलं नव्हतं. कारखाना म्हणजे तरी काय, रस्त्याकडेची लांबट खोली, वेत भिजवायचा पत्र्याचा टब, दोन स्टुलं आणि एक सून. सुनेच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात सासूच्या तोडीचा होता, म्हणून जमायचं.

तर अशा ठिकाणी प्रयोगशाळेतल्या बाई लंगड्यांचीच मागणी घेऊन आल्या. एक नाही, बारा.

या बाईंचं वाक्य 'म्हणजे बघा'शिवाय सुरूच व्हायचं नाही. "म्हणजे बघा काकू, विषाणूला वरून प्रथिनांचं कवच असतं. आत एक धागा, गुंडाळलेला. आणि कवच, म्हणजे बघा, तुमच्या जाळीसारखंच. साठ घरं सहाची, बारा पाचची." त्यांनी दोन्ही हात फाकवले. "एवढा गोळा हवाय, आमच्या दारात टांगायला. पंधरा दिवसांनी, सोमवारी, शाळेतली मुलं बघायला येणारेत."

"पाचची कशाला?" काकू म्हणाल्या. "सगळी सहाची देते. स्वच्छ काम."

"सगळी सहाची केलीत तर मिटणारच नाही तो."

"न मिटायला काय झालं? वेत आहे, सिमेंट नाही."

बाईंनी वाद घातला नाही. गोळ्याचं चित्र ठेवून गेल्या.

काकूंनी दोन दिवस हट्टानं सहा-सहाचीच जाळी विणली. ती पसरतच गेली. वाकवली की वाकायची, सोडली की सपाट. सून लांबून बघत होती. "चटई झक्क झालीय, आई. विषाणू आला की त्याला झोपायला देऊ."

तिसऱ्या दिवशी काकूंनी दार लोटून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा, जाणूनबुजून, एक लंगडं घातलं. जाळीनं तिथंच पाठ उचलली, आपणहून, टोपीसारखी. काकू बराच वेळ तिच्यावरून तळवा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, हे तर वळतंय."

"बाई तेच सांगत होत्या."

"सांगणं वेगळं."

आता बारा लंगडी कुठं कुठं घालायची, तेही ठरलेलं होतं. एका लंगड्यापासून निघायचं, दोन घरं सरळ जायचं, मग डावीकडे वळून एक घर. तिथं पुढचं लंगडं. सून म्हणाली, "हा तर बुद्धिबळातला घोडा." बाईंना ते फारच आवडलं. "म्हणजे बघा, घोडाच. पण डावीकडेच वळणारा हं. आमच्या विषाणूत उजवा घोडा नसतोच."

शुक्रवारी गोळा मिटला. बाई आल्या, दोनदा प्रदक्षिणा घालून झाली. काकूंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, "घोडा दाखवते ना तुम्हाला. हे लंगडं. हे एक, हे दोन. आता डावीकडे..."

बोट थांबलं. डावीकडे सहाचं घर होतं. लंगडं होतं उजवीकडे.

दुसऱ्या लंगड्यापासून मोजलं. उजवीकडे. तिसऱ्यापासूनही.

"मी डावीकडेच वळले," काकू हळूच म्हणाल्या. "दरवेळी."

मग सुनेनं विचारलं, "आई, तुम्ही हा टोपलीसारखा विणलात ना? मांडीत घेऊन, आतून बघत?"

"मग टोपली काय बाहेरून बघत विणतात?"

"बाईंचं चित्र बाहेरून काढलेलंय."

घोडं तिथं पेंड खात होतं. आत बसलेल्याचं डावं ते बाहेर उभ्या असलेल्याचं उजवं.

बाईंनी पटकन गोळा जवळ ओढला. "म्हणजे बघा काकू, चालेल. मुलांना काय कळणार? आमच्यातल्याही चौघांनाच कळेल."

"चौघांना?"

"फार तर पाच."

"म्हणजे पाच माणसं रोज दारातून आत जाताना बघणार, की जाळीवालीनं उलटं विणलं."

"पण मी माघारी पाठवत नाहीये ना. आहे तस्सा घेते."

"ती तुमची माया झाली," काकू म्हणाल्या. "माझं काम नाही झालं. सोमवारी सकाळी या."

बाई गेल्या. सून गोळ्याकडे आणि मग सासूच्या सुजलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "सगळा उसवायचा?"

"सगळा कशाला? पहिलं लंगडं आणि त्याच्या भोवतीची पाच घरं राहू देत. तिथवर घोडा वळलाच नाहीये. त्याला डावं-उजवं काही नाही."

उरलेली घरं गेली. वाकलेल्या वेताला वाकायची सवय लागली होती, सरळ करताना नऊ पट्ट्या तडकल्या. नव्या भिजवल्या. काकूंनी तो वाचलेला तुकडा पालथ्या टबावर ठेवला, पाठ वर करून, आणि भोवती फिरत उभ्यानं विणायला लागल्या. हात सारखा सवयीनं आतल्या बाजूला जायचा. सून स्टुलावर बसून घोकायची, "दोन सरळ, एक डावीकडे. आई, बाहेर या. आत काय ठेवलंय?"

"माझी चाळीस वर्षं ठेवलीत."

"ती राहू देत. हात बाहेर काढा."

शनिवार गेला. रविवारी कंबर धरली तेव्हा काकू घोकायला बसल्या आणि सून विणायला उभी राहिली. "डावीकडे म्हटलं ना," हे दिवसभर ऐकून घेतल्यावर सून म्हणाली, "आता कळलं, मी किती कटकट करते." शेवटचं घर संध्याकाळी मिटलं.

सोमवारी बाई दोरी घेऊनच आल्या. एका लंगड्यापासून मोजलं, डावीकडे निघालं. "झालं! म्हणजे बघा, अगदी बरोब्बर. चला."

काकूंनी गोळ्यावरचा हात काढला नाही. "एकच मोजलंत."

"बाकीची बरोबरच असणार ना."

"असणार नको. बाराही मोजा."

बाई खाली बसल्या आणि मोजू लागल्या. सून मोजलेल्या प्रत्येक लंगड्याला सुतळीचा तुकडा बांधत गेली. सहाव्याला बाईंचं 'म्हणजे बघा' थांबलं, नवव्याला त्यांनी चष्मा पुसला. काकू गोळा फिरवत होत्या. बाराव्या लंगड्यापाशी बाईंचं बोट दोन घरं सरळ गेलं, डावीकडे वळलं आणि लंगड्यात जाऊन टेकलं.

तेव्हा काकूंनी हात काढला. "आता न्या," त्या म्हणाल्या. "आणि टांगताना जरा खाली टांगा. मुलांना बाहेरून नीट दिसू दे."