जपानी भाषेतला हुंकार

जपानी अवघड आहे असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकालाही जपानी येत नव्हतं. "मुंग्या पळाल्यासारखी अक्षरं असतात, ताई. तुमचं काम नाय ते," असं आमच्या खात्यातला एक जण म्हणाला आणि मी त्याच संध्याकाळी क्लासला नाव घातलं. जमणार नाही असं कुणी म्हटलं की माझ्या अंगात वारं भरतं.

तसं वारं भरायला कारणही होतं. चितेगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत कंत्राटावर होते. सुटे भाग मापायचे, खोट दिसली की बाजूला टाकायचे. खोट काढायची मला उपजतच हौस, त्यामुळे काम आवडायचं. फुलंब्रीकडची आमची मोसंबीची बाग लागोपाठच्या दुष्काळात उभी वाळून गेली होती आणि नवरा, सासरे आणि मी मुकुंदवाडीत दोन खोल्यांत येऊन राहिलो होतो. शहर चहूकडं वाढत होतं, पण पाण्यावाचून बांधकामं मधेच थांबायची आणि नवऱ्याचं कामही. माझं कंत्राट सुटलं असतं तर आम्हाला परत त्या वाळक्या रानात जावं लागलं असतं. तेवढ्यात कारखान्यानं जपानहून मोठं मशीन मागवलं. ते बसवायला तिकडचे इंजिनिअर येणार, त्यांचं बोलणं आमच्या माणसांना सांगणारं कुणीतरी लागणार आणि त्या कुणालातरी कायम करणार, अशी बातमी कँटीनमध्ये आली. मी हातातला वडा खाली ठेवला. ते कुणीतरी मीच, असं मनाशी ठरवूनच परत उचलला.

मशीन यायला बराच अवकाश होता. मी क्लासला चिकटले. आणि खरं सांगू? अक्षरं अजिबात अवघड नाहीत. ती बिचारी कागदावर गप बसून आपली वाट बघतात. आज नाही आली तर उद्या, उद्या नाही तर दिवाळीनंतर. वाक्याची ठेवणही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. माणूस हो म्हणतोय की नाही, ते वाक्य संपेपर्यंत कळत नाही. माझ्या सासरी सगळेच तसे बोलतात, त्यामुळे मला सवय होती. क्लासमध्ये मी पहिली आले. पेढे वाटले. चालता चालता कमरेतून वाकायलाही शिकले होते. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "कंबर धरली का गं?"

मग मशीनच्या आधी, जागा बघायला, इंजिनिअरसाहेब आले. मॅनेजरनी मला त्यांच्यासमोर बसवलं. साहेब बोलू लागले. मला कळत होतं! शब्द न् शब्द कळत होता. मी आपल्याकडच्या रीतीनं, मोठं माणूस बोलतंय म्हणून नजर खाली, तोंड बंद, हात मांडीवर ठेवून अदबीनं ऐकत होते. त्यांचं सगळं बोलून झालं की मग उत्तर द्यायचं, असा माझा बेत.

पण त्यांचं सगळं बोलून होईचना. अर्धं वाक्य बोलायचे आणि थांबून माझ्याकडं बघायचे. मी आणखी अदबीनं गप्प. ते तेच पुन्हा, हळू. मी गप्प. मग त्यांनी पेन काढलं आणि मशीनचं चित्रच काढायला लागले, बालवाडीत काढतात तसं. शेवटी ते मॅनेजरकडं वळून इंग्रजीत म्हणाले, या बाई चांगल्या आहेत, पण यांना काही समजत नाही.

मॅनेजर मला बाहेर घेऊन आले. "क्लासचे पैसे पाण्यात गेले का?"

"साहेब, मला सगळं कळलं."

"त्यांना कळू द्या ना ते! परवा ते जाणार. उद्या एकदा बसवतो. नाही जमलं तर पुण्याहून माणूस आणतो."

मी पाय आपटत निघाले, तर आवारात साहेब फोनवर बोलत होते. बोलत कसले, ऐकत होते. पलीकडचा माणूस सांगतोय आणि हे दर श्वासाला "हाइ... हाइ... सो देस का... हाइ," म्हणत रिकाम्या हवेला वाकतायत. हो, असं होय, बरं, हो. मी बघत राहिले. क्लासच्या पुस्तकात माणसं आळीपाळीनं बोलायची, एकाचं संपलं की दुसऱ्याचं. त्यातलं कुणीच असं करत नव्हतं.

संध्याकाळी सासरे त्यांची विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट सांगत बसले होते. त्यांना मी मामा म्हणायचे. गोष्ट आमची पाठ होती आणि माझं ध्यान कारखान्यात होतं. मामा मधेच थांबले.

"हुंकार दे की गं! भिंतीला सांगाय लागलो का मी?"

आमच्याकडं गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं 'हं', 'व्हय', 'अरे द्येवा' करत राहायचं, नाहीतर सांगणारा रुसतो. माझ्या डोक्यात टाळी वाजली. हा इंजिनिअर रुसला होता! मी त्याला हुंकारच दिला नव्हता.

"मामा," मी म्हटलं, "बैल परत पाडा विहिरीत. पहिल्यापासनं सांगा."

"आं?"

"सांगा तुम्ही."

मामा सांगू लागले आणि मी हुंकार देऊ लागले, जपानीत. "हाइ." बैल काठावर आला. "सो देस का!" पाय घसरला. "एऽऽ?" खाली पडला. "नारुहोदो," म्हणजे असं आहे होय. मामांनी आधी डोळे बारीक केले, मग त्यांना चेव आला. बैल इतक्या तपशिलानं कधीच पडला नव्हता. सकाळी टँकरच्या रांगेतही मी सोडलं नाही. शेजारीण तिच्या नणंदेचं गाऱ्हाणं सांगत होती, मी "हाइ, हाइ."

"घशात काय अडकलं का गं?"

"जपानी."

"पानी पी मग, वर येतंय बघ," ती म्हणाली आणि हंडा पुढं सरकवला. टँकरवाला वरून ओरडला, "बातां नक्को, पाइप पकडो!"

त्या दिवशी साहेब बोलू लागले आणि मी पहिल्याच शब्दाला "हाइ" टाकला. त्यांचा चेहरा खुलला. दुसरा हुंकार दिला, ते खुर्ची पुढं ओढून बसले. तिसऱ्याला हात हलवायला लागले. मॅनेजर माझ्याकडं असे बघत होते की जणू मी टोपीतून ससा काढला. मी मनात स्वतःलाच नमस्कार केला.

आणि तिथंच पंचाईत झाली. हिला सगळं कळतंय म्हटल्यावर साहेब पुस्तकातलं जपानी सोडून त्यांच्या गावाकडचं जपानी बोलू लागले, तेही भरधाव. तेल, गाळणी, पुन्हा तेल, कसला तरी धोका, आणि पुढचं सगळं माझ्या डोक्यावरून. हुंकार मात्र तोंडातून चालूच! नुसतं मान हलवत राहिले असते तर त्या दिवशी निभावलं असतं. पण मशीनवर आमची पोरं काम करणार होती. धोका काय ते न कळता मी त्यांना काय सांगणार होते?

मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. मोडक्या जपानीत म्हटलं, "थांबा. तेल कळलं. गाळणी कळली. धोका कळला नाही. परत सांगा."

मॅनेजरनी डोळे मिटले.

साहेब थांबले. मग त्यांनी तेवढंच, पुस्तकी जपानीत, परत सांगितलं. गाळणी तुंबली की तेल तापतं, आणि तापलं की झाकण उघडायचं नाही. मी ते मराठीत मॅनेजरना सांगितलं, मग जपानीत साहेबांना परत म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला, तो त्यांनी दुरुस्त केला. मी पुन्हा म्हटला.

साहेब मॅनेजरकडं वळले. इंग्रजीत म्हणाले, "याच हव्यात. कळलं नाही तर या अडवतात."

मला कायम करणार, हे मी घरी येऊन सांगितलं. नवरा हसतच सुटला. मामांनी विचारलं, "कायम म्हंजे?"

"म्हणजे आता परत जायचं नाही, मामा."

मामांनी धोतर सावरलं आणि उठून दाराबाहेरचे आमचे हंडे, बादल्या, जुने तेलाचे डबे नजरेनं मापले.

"रान बटईनं देऊन टाकू, कसंल दुसरं कुणी," ते म्हणाले. "अन् इथं एक मोठी टाकी घ्या. ऱ्हायचंच तर असं पाहुण्यासारखं डबडी भरून ऱ्हायचं व्हय?"

दुकानातून घेतलेली टाकी रिक्षात बसेना. मग मामा म्हणाले, चालत नेऊ. आणि मुकुंदवाडीच्या भर रस्त्यातून, पुढं नवरा, मागं मी आणि बाजूनं वाहनं थांबवत मामा, अशी आमची काळी टाकी गडगडत घरी आली.