समोर तर जायचंय

गिऱ्हाईक फोनवर "समोर तर जायचंय" म्हणालं, की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. अथेन्सला जाणारी माणसं सगळं बांधून तयार असतात. रस्ता ओलांडून जाणारी काही म्हणजे काही बांधत नाहीत. कपाटात कपडे तसेच, खणात चमचे तसेच, फुलदाणीत पाणीसुद्धा तसंच.

माझा नवरा स्ताथिस इथे ग्रीसमधल्या कावाला शहरात सामान हलवायचं काम करतो, आमच्या लग्नाच्याही आधीपासून. आमच्या ट्रकवर लांब शिडी आहे. तिच्यावरून एक फळी सरकत थेट लोकांच्या बाल्कनीपर्यंत जाते. वर तो सामान लादतो, खाली मी फळी वर-खाली करायचा दांडा ओढते. माणूस लाखात एक, पण धंद्याला अगदी कुचकामी. गिऱ्हाइकाकडे कॉफी घेणार, त्याच्या सासूच्या पित्ताचं पुराण ऐकणार, नवरा-बायकोची भांडणं मिटवणार. "अरे, आपण सामान हलवतो, लोकांचे संसार नाही," हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

पोलिक्सेनी मावशींचं काम आलं ते असंच, समोरचं. मावशी चौथ्या मजल्यावर एकट्या. इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघे गेलेले. मुलगा इओर्दानिस रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर राहतो. तो वर्षभर मागे लागला होता, "आई, इकडे ये, बाल्कनीची खोली तुला देतो." मावशींची अट एकच होती. खोली आपली हवी, दार आपलं हवं, कुणाच्या दिवाणखान्यात कोपरा नको. त्याने हो म्हटलं. मग त्यांचं घर भाड्याने द्यायचं ठरलं, भाडेकरू सोमवारी यायचा होता.

आम्ही सकाळी पोचलो तर बाईंनी एक रुमालसुद्धा बोचक्यात बांधलेला नाही. आणि शेगडीवर हरभऱ्याचं पातेलं रटरटतंय.

"मावशी, हे काय?"

"दुपारी जेवायला लागतीलच ना? समोर तर जायचंय."

म्हणजे ते पातेलं मी मांडीवर घेऊन बसायचं की डोक्यावर? स्ताथिस शांतपणे म्हणाला, "शिजू दे गं, शेवटी नेऊ." याला राग कसा येत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

पलंग, टेबल, शिवणयंत्र, कपाटं सगळं खाली ट्रकमध्ये आलं. गल्ली अरुंद, एकेरी रस्ता, आमच्या मागे एक टॅक्सीवाला भोंगा दाबून बसलेला. आता फक्त पलीकडे शिडी लावायची आणि चढवायचं. तर स्ताथिस म्हणतो, आधी तसबीर.

नव्या घरात पहिल्यांदा मरियामातेची तसबीर जाते, बरोबर मीठ आणि तेलाचा दिवा. ती पूर्वेच्या भिंतीला लागली की मग बाकीचं. हे मला कुणी शिकवायला नको. पण बाकीचे सामानवाले तसबीर घरच्यांच्या हातात देतात आणि आपलं काम सुरू करतात. आमचा स्ताथिस स्वतः हातोडी घेऊन जातो, आणि तसबीर लागेपर्यंत खुर्चीसुद्धा हलवत नाही. गेला मावशींचा हात धरून, पावलापावलाने.

"ताई, आज हलणार की इथेच चूल मांडणार?" टॅक्सीवाला ओरडला.

"घाई असेल तर ट्रक उचल आणि बाजूला ठेव," मी म्हटलं.

कितीतरी वेळ झाला तरी कुणी येईना. एक खिळा मारायला काय बांधकाम काढलं का, असं पुटपुटत मी वर गेले.

दिवाणखान्यात मावशींची सून वासो हिने मरियामातेची आपली तसबीर आधीच लावलेली होती. ती म्हणाली, "घरात एक आहे ना, दुसरी कशाला? त्यांच्या खोलीत लावा." त्यांची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली. पाणी तापवायची टाकी, इस्त्रीचं टेबल, एक घडीची खाट. खिडकी नाही.

"बाल्कनीची खोली पोरीला अभ्यासाला लागते, आई," इओर्दानिस जमिनीकडे बघत म्हणाला. "तुला झोपायलाच तर हवी."

"माझा पलंग?"

"तळघरात. थोडे दिवस."

मावशी तसबीर छातीशी धरून उभ्या. स्ताथिसने मुलाकडे बघितलंही नाही. त्याने मावशींना विचारलं, "खिळा कुठे मारू?"

मावशींनी चारी भिंती बघून घेतल्या. "खिळा आहे की," त्या म्हणाल्या, "माझ्या घराच्या भिंतीत. चल."

"आई, तुझे गुडघे! आणि भाडेकरूचं काय?"

"त्याला तू फोन कर. घर माझ्या नावावर आहे."

त्या चार मजले चढल्या. प्रत्येक वळणावर पायरीवर बसत होत्या, आणि तसबीर काही स्ताथिसच्या हातात देत नव्हत्या. मी खाली येऊन दांडा उलटा ओढायला लागले. अख्खं घर उतरवायचं आणि अख्खं परत चढवायचं, असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. हात भरून आले, टॅक्सीवाल्याने माझ्या माहेरचा उद्धार केला. पण त्या दिवशी स्ताथिसला मी एका शब्दाने बोलले नाही.

तेव्हापासून मावशी खाली उतरलेल्या नाहीत. मुलगा रविवारी येतो, चिडलेलाच असतो. रोज सकाळी त्या बाल्कनीतून दोरीने टोपली सोडतात. पाव, दूध, गुडघ्याच्या गोळ्या त्यात घालायचं कुणी? स्ताथिस पहाटेच गिऱ्हाइकाकडे पुढे जातो, ट्रक घेऊन मागून मी, म्हणजे वाटेत मीच. थंडी असो, वारा असो. वरून सूचना वेगळ्याच: पाव कालचा वाटतोय गं, दूध कमी चरबीचं नको.

परवा टोपली खाली आली तर तिच्यात किल्ली होती, घराची.

"मुलाला द्यायची होती का?" मी ओरडून विचारलं.

"नाही, तुला," त्या वरून म्हणाल्या. "एखाद्या सकाळी टोपली आली नाही, तर तू वर ये."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्यांचाच राग आला. पाव टोपलीत घातला आणि किल्ली ट्रकच्या किल्लीला अडकवली.