बेलिफाच्या दारावरचं समन्स

उंबरदरा तालुक्यात चौऱ्याऐंशी गावं आहेत आणि पद्मनाभ दळवींनी ती सगळी पायांखाली घातली आहेत. तिथल्या कोर्टात आधी पट्टेवाला आणि मग बेलीफ म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली. नदीवरचा पूल बुडाला की पलीकडच्या सात वाड्यांना घाटातून वळसा पडतो, कुठल्या वाडीत एकाच नावाचे तिघे आहेत, समन्स आलं म्हटल्यावर कोण मागच्या दाराने पसार होतो, हे तहसीलदाराला नसेल इतकं त्यांना ठाऊक. काय रुबाब होता! कौलारू कोर्टाच्या व्हरांड्यातून त्यांनी पुकारा केला की एस.टी. स्टँडवरची माणसं माना वळवायची.

आता ते सिंगापुरात आंग मो किओला, मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. बायको गेल्यावर अनीशने "दोन महिने चला, बाबा" म्हणून आणलं, त्याला दीड वर्ष झालं. इथे ब्लॉकला नंबर, मजल्याला नंबर, दाराला नंबर. बेलिफाचं काम इथे शेंबडं पोरही करील, असं ते नातीला, पूर्वीला, सांगतात. मग म्हणतात, "बस जरा, तुला आमच्या तालुक्याचा नकाशा काढून दाखवतो." ती म्हणते, "कॅनॉट लाह आजोबा, आय गॉट ट्यूशन."

बुधवारी सकाळी गावाकडच्या शेजारीण मालतीबाईंनी फोनवर फोटो पाठवला. त्या महिनाभर लेकीकडे होत्या, आदल्या रात्री परतल्या तेव्हा त्यांना दिसलं. दळवींच्या कुलूपबंद दारावर समन्स डकवलं होतं. पुतण्याने, निशिकांतने, घरावर हक्क सांगून दावा लावला होता. तारीख त्याच दिवसाची, वेळ अकराची.

दळवींनी फोटो मोठा करून पाहिला. डकवणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. घर बंद, माणूस सापडत नाही, दोन पंचांच्या सह्या. असे शेकडो कागद त्यांनी स्वतःच्या हाताने डकवले होते. चूक त्यांची होती. गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला "पत्ता देऊन जा रे" म्हणून झापणारा हा माणूस स्वतः निघताना कुणालाच पत्ता देऊन आला नाही. दोन महिन्यांसाठी कसला पत्ता द्यायचा? आणि नंतर द्यायचा, तर आपण परत जात नाही हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. ते त्यांना जमलं नाही.

त्यांनी ओळखीच्या वकिलांना फोन लावला.

"आज मुदत मागून बघतो," वकील म्हणाले. "पण घर हवं असेल तर तुम्हाला इथे येऊन उभं राहावं लागेल, दळवी. नाहीतर एकतर्फी निकाल. मी तुम्हाला काय सांगायचं!"

मग त्यांनी अनीशला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला आणि त्याने शांतपणे ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, तुमचे गुडघे हे असे. मला रजा नाही. जाऊ द्या ना ते घर निशिकांतला. आपण आता कुठे परत जाणार आहोत?"

दीड वर्ष ज्या प्रश्नाला दळवी चुकवत होते, त्याने त्यांना शेवटी गाठलं होतं. "बरं," एवढंच ते म्हणाले. पोरावर रागवायला हवं होतं, पण राग येईना. नुसतं रडू येत होतं.

दीड वाजला. म्हणजे तिकडे अकरा. घरात कुणी नव्हतं. दळवींनी इस्त्रीचा शर्ट घातला, वरचं बटण लावलं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिले.

"पद्मनाभ विठ्ठल दळवी, हाजिर आहेत काऽऽ?"

आवाज अजून तसाच होता. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं. शेजारच्या चिनी आजीबाईंनी दार किलकिलं करून पाहिलं. त्यांनी तिसऱ्यांदा पुकारलं आणि नियमाप्रमाणे थोडं थांबले. मग वळून, आपल्या उघड्या दाराकडे तोंड करून, खालच्या आवाजात म्हणाले,

"गैरहजर, साहेब."